मापवाल्यांची एकोणीस वर्षं

पुरावा म्हणून कचेरीत पोतं घेऊन येणारा माणूस मी नोकरीत एकच पाहिला.

मी तेव्हा मोखाड्याहून बदलून नुकताच जव्हारला आलो होतो. मोखाड्यात तीन वर्षं काढल्यावर जव्हारसुद्धा शहर वाटतं. संस्थान विलीन होऊन सहासात वर्षं झाली होती आणि मामलेदार कचेरीत माझ्याकडे पेन्शनचं टेबल होतं. एके सकाळी काळा, बंद गळ्याचा कोट घातलेले एक उंच, वाळकुडे गृहस्थ आत आले. मागे हमाल, आणि हमालाच्या डोक्यावर पोतं. गृहस्थांनी खूण केली आणि हमालाने ते पोतं माझ्या टेबलावर ओतलं. त्यातून लाकडी पायल्या, लोखंडी अधोल्या, शेर, मापटी, चिपटी असं धान्याच्या मापांचं सगळं बिऱ्हाड गडगडत बाहेर आलं. एक चिपटं दौतीला धडकून थांबलं.

"हे काय?" मी विचारलं.

"पुरावा." त्यांनी एक पायली उलटी करून माझ्यापुढे धरली. "बुडाशी बघा. संस्थानचा शिक्का, साल, आणि त्याखाली एक टिंब. ते टिंब माझं."

"टिंब?"

"माझ्याआधी होते ते दोन टिंबं मारत. मी एक मारतो."

मी त्यांना सांगितलं की नोकरीचा पुरावा कागदी लागतो. ही पायली फाईलला कशी लावायची?

त्यांनी या प्रश्नाचा गंभीरपणे विचार केला. माझ्या हातातल्या दाभणाकडे आणि नाडीकडे पाहिलं. "भोक पाडून लावता येईल," ते म्हणाले, "पण मग माप खोटं होईल." आणि सगळी मापं, मोठ्यात लहान अशी एकात एक बसवत, त्यांनी पुन्हा पोत्यात भरली. दौतीशी थांबलेलं चिपटं मात्र कोटाच्या बाहीने पुसून मगच आत गेलं.

हे जव्हारचे मापवाले. संस्थानच्या काळात त्यांचा हुद्दा वजन-मापे तपासनीस असा होता, पण लोक मापवालेच म्हणत. संस्थानात शिकारखान्यापासून दिवाबत्तीपर्यंत पुष्कळ खाती होती आणि बहुतेक खात्यांत एक पागोटं आणि एक खुर्ची याखेरीज काही नव्हतं. मापवाल्यांच्या खात्यात खुर्चीही नव्हती. एक रूळ होता. हातभर लांबीचा, बाभळीचा, वापरून गुळगुळीत झालेला.

त्या रुळाचं काम समजायला त्या काळचा डोंगरातला बाजार माहीत हवा. भात, नागली, वरई घेऊन माणसं पहाटे निघत आणि दुकानदारापुढे टोपल्या ठेवत. दुकानदार धान्य घेताना पायलीवर शीग लावून घेई, म्हणजे वर डोंगर होईपर्यंत भरून. देताना मात्र बोट फिरवून सपाट करी, आणि बोट फिरवता फिरवता ते किंचित आत बुडवी. शिवाय घेताना धान्य उंचावरून सोडायचं, म्हणजे ते दडपून बसतं आणि जास्त मावतं. देताना अलगद, म्हणजे फुगून राहतं. माप एकच, शिक्का खरा, आणि तरी चोरी. हे सगळं मापवाल्यांनी मला कोऱ्या चेहऱ्याने समजावून सांगितलं होतं, एखादा वैद्य रोगाची लक्षणं सांगतो तसं. ते बाजारात आले की दुकानापुढे उभे राहत आणि पायली भरली की न बोलता तिच्या काठावरून रूळ फिरवत. वरची शीग ज्याची त्याच्या टोपलीत परत पडे.

वावरकडच्या एका म्हाताऱ्याने मला सांगितलं होतं, "मापवाला आला का टोपली भरून उरं. नाय आला का रिकामी." त्याला त्यात काही चमत्कार वाटत नव्हता. पाऊस येतो, जातो, तसा मापवाला.

शेठ लोकांना अर्थातच तो चमत्कारिक माणूस वाटे. मुलांच्या लग्नाची अक्षत द्यायला ते जव्हारभर घरोघरी जात, मापवाल्यांना मात्र पत्रिका पोस्टाने. "त्यांना बोलावलं तर पंगतीत भाताची मूद मोजतील," असं एक शेठ मला म्हणाले होते. ते अगदीच खोटं नव्हतं. मापवाल्यांना 'थोडं' हा शब्द सहन होत नसे. चहा 'अर्धा' मागवला तर ते विचारत, कशाचा अर्धा? कपाचा की भांड्याचा? "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारलं तर क्षणभर थांबून, स्वतःला जणू तोलून बघून, सांगत, "कालच्याहून किंचित कमी."

त्यांच्या आयुष्यात त्यांना एकच माणूस निरुत्तर करून गेला, आणि ही गोष्ट ते स्वतःच सांगत. वांगणीची एक म्हातारी बाजारात आली होती. तिच्या टोपलीत शीग परत पडल्यावर तिने मूठभर नागली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला. डोंगरातली माणसं साहेबालाही अरेतुरे करतात. ती म्हणाली, "घे रे. एवढा लोकांचा मोजतोस, तुला खायला कोन देतं?"

"दरबार देतो."

"त त्याचा माप कोन बघतं?"

"काय उत्तर दिलंत?" मी विचारलं.

"दिलं नाही. डायरीत लिहून ठेवलं."

विलीनीकरणाच्या दिवशी जव्हारात मोठा समारंभ झाला. मी तो पाहिला नाही, पण पाहणाऱ्या प्रत्येकाने मला तो वेगळा सांगितला, म्हणजे समारंभ खरोखरच मोठा असला पाहिजे. भाषणं झाली, एक निशाण उतरलं, दुसरं चढलं. इतिहासाला नवं पान फुटलं, असं एका वक्त्याने सांगितलं म्हणे. लोकांना पेढ्यांचे पुडे वाटले गेले, प्रत्येकी पावशेर. मापवाल्यांनी तिथल्या तिथे कोटाच्या खिशातून लहान तराजू काढला, पुडा तोलला आणि शेजारी उभ्या असलेल्या नव्या सरकारच्या अधिकाऱ्याला अदबीने सांगितलं, "साहेब, दोन तोळे कमी आहे." अधिकाऱ्याला वाटलं, ते जुन्या राजवटीचे अभिमानी असावेत. त्यांना फक्त हलवाई हवा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या कोटावरची संस्थानचं चिन्ह असलेली पितळी बटणं गेली आणि साधी काळी बटणं आली. बाकीचे जुने नोकर ती बटणं पुढे दहा वर्षं मिरवत होते. मी विचारलं तेव्हा मापवाले म्हणाले, "दरबार नाही, त्याची बटणं लावायची म्हणजे खोट्या मापावर खरा शिक्का."

तर अशा या माणसाचा अर्ज माझ्या टेबलावर होता. विलीनीकरणानंतर सरकारने त्यांना त्याच कामावर ठेवलं, सहा वर्षांनी वयाप्रमाणे निवृत्त केलं आणि पेन्शनचा प्रश्न आला. सहा वर्षांच्या नोकरीवर पेन्शन बसत नाही. आधीची संस्थानातली एकोणीस धरली तर बसतं. शेत नव्हतं, मुलगा नव्हता. दोन मुली लग्न होऊन गेल्या होत्या. घरात दोन म्हातारी माणसं आणि भाड्याच्या दोन खोल्या. पण एकोणीस वर्षांचा कागद नव्हता. संस्थानचं दप्तर रुमालांत बांधून मोटारींतून ठाण्याला गेलं होतं, आणि पगारपत्रकांचे रुमाल वाटेत कुठे उतरले हे कोणालाच सांगता येत नव्हतं. 'अर्जदाराने नोकरीचा पुरावा सादर करावा' असं पत्र त्यांना दोनदा गेलं होतं. दोन्हींवर सही साहेबांची आणि अक्षर माझं.

पोत्याच्या प्रकारानंतर मला जरा लाज वाटली असावी. मी त्यांना विचारलं, "पगार मिळत होता तो कुठे तरी लिहिला असेल ना? पावती, वही, काही?"

"बँकेत," ते म्हणाले. मग खुर्चीवर बसले. ते कचेरीत कधी बसत नसत.

संस्थानात पगाराचा एक सोहळा असे. महिन्याच्या ठरल्या दिवशी सगळे नोकर वाड्यापुढच्या कचेरीत रांगेने उभे राहत. पत्रकावरचं नाव पुकारलं की त्याने पुढे यायचं, मुजरा करायचा, ओंजळ पुढे करायची आणि खजिनदाराने ओंजळीत पगार सोडायचा. मापवाले तिशीत नोकरीला लागले ते एका मेलेल्या माणसाच्या जागेवर. आधीचे तपासनीस तापाने वारले होते. पहिल्या पगाराच्या दिवशी त्या वारलेल्या गृहस्थांचं नाव पुकारलं गेलं. कोणी पुढे येईना. पुन्हा पुकारलं. शेवटी कारभारी म्हणाले, "अहो, तुम्हीच!"

पगारपत्रकावरचं नाव कोणी बदललंच नव्हतं, आणि बदलायचं नव्हतं. कारभाऱ्यांनी त्यांना बाजूला घेऊन कारण सांगितलं. नाव बदलायचं तर आधी जागा रिकामी झाली असं दाखवावं लागणार, आणि रिकामी जागा दरबारच्या नजरेस आली की ती काटकसरीत जाणार. "तेव्हा तुम्हाला जागा हवी की नाव?"

"मी म्हटलं, जागा," मापवाले मला सांगत होते. "घरात खाणारी माणसं होती. पण ओंजळ पसरायची नाही असं ठरवलं. एक तर ओंजळ हे माप नव्हे. आणि दुसऱ्याच्या नावाने मुजरा करायचा म्हणजे..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. मग म्हणाले, "आयुष्यात एकच माप खोटं चालू दिलं. तेही माझंच."

त्यांनी अर्ज करून पगार बँकेत जमा करवून घेतला. जव्हारच्या बाजारात तेव्हा एक छोटी बँक होती. दरबारचं पत्र आल्यावर खातं अर्थातच पत्रकावरच्या नावाने, म्हणजे वारलेल्या गृहस्थांच्या नावाने निघालं. बँकेला दरबारशी वाद घालायचा नव्हता. पण तिचे मुनीम सावध होते. उद्या अंगाशी येऊ नये म्हणून, मापवाले पैसे काढायला आले की ते दर वेळी नोंदीच्या शेवटी लिहीत, 'हस्ते', आणि पुढे मापवाल्यांचं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण नाव. म्हणजे खातं त्याचं, पण रक्कम नेली याने.

"एकोणीस वर्षं मी हस्ते होतो," मापवाले म्हणाले.

विलीनीकरणानंतर ती बँकही नाशिकच्या एका मोठ्या बँकेत विलीन झाली. तो काळच विलीन होण्याचा होता. जुन्या वह्या नाशिकला गेल्या. आम्ही पत्र लिहिलं. उत्तर आलं की माहिती फक्त खातेदाराला देता येईल. खातेदार मयत असल्यास त्याच्या वारसाच्या सहीने. वारस म्हणजे त्या आधीच्या तपासनिसांची बायको. त्या साखरशेत गावी मुलाकडे राहत होत्या.

आम्ही चालत गेलो. मापवाले वाटभर बोलले नाहीत, कारण ते पावलं मोजत होते. बाई ओट्यावर वरई पाखडत बसल्या होत्या. त्यांनी मापवाल्यांना ओळखलं, पदर सावरला, पण सूप खाली ठेवलं नाही.

"वहिनी, एक सही हवी होती."

"कशाची भाऊजी?"

मापवाल्यांनी सगळं सांगितलं. वळसे न घेता, सुरुवातीपासून. बाईंचं सूप हळू झालं आणि मग थांबलं.

"म्हणजे वारल्यावर हे एकोणीस वर्षं नोकरीत होते?"

"कागदावर."

"जिवंत होते तेव्हा महिन्याचे दहा दिवस धड कामावर जात नव्हते हो," बाई म्हणाल्या. "मेल्यावर सुधारले म्हणायचे."

मला हसू आलं. मापवाल्यांना आलं नाही; त्यांनी मान हलवली, नोंद घेतल्यासारखी. बाईही हसल्या नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे कचेरीतले का? मग तुम्हीच सांगा. मी सही करते. उद्या सरकार म्हणालं, मेलेल्या माणसाने पगार खाल्ला, आता त्याच्या पोराने भरा. मग? माझ्या पोराकडं सव्वा एकर भात आहे."

असं काही होत नाही, असं मी म्हणायला हवं होतं. पण तसं होतं हे मला माहीत होतं, आणि त्या कागदांवर अक्षर कोणाचं असतं हेही. मी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिलो.

मापवाल्यांनी माझ्याकडून कागद आणि टाक मागून घेतला. ओट्यावर बसून लिहिलं, की या खात्यातली सर्व रक्कम सुरुवातीपासून मी स्वतः घेतली आहे, तिची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे, खातेदाराच्या वारसांचा तिच्याशी काही संबंध नाही. खाली सही. कागद बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो मुलाकडून दोनदा वाचून घेतला, घडी घालून कमरेला लावला आणि मग आमच्या कागदावर सही केली. एकेक अक्षर सुटं, पण सही.

परतताना मी न राहवून म्हणालो, "अहो, तुम्ही कबुलीजबाब लिहून दिलात. कोणी मनात आणलं तर तेवढ्या कागदावर तुमची सहा वर्षंही जातील."

"त्यात खोटं काही लिहिलंय का?"

"खोटं असतं तर भीती नव्हती."

ते पावलं मोजत पुढे झाले. मग म्हणाले, "इथवर बाराशे चाळीस. तुमच्या बोलण्यात एखादं पाऊल सुटलं असेल."

नाशिकला आम्ही एस.टी.ने गेलो. मोखाडा, खोडाळा, त्र्यंबक, आणि प्रत्येक ठिकाणी मापवाल्यांनी कंडक्टरला मैल विचारले आणि तिकिटाशी ताडून पाहिले. मला बरोबर नेण्याचं कारण एवढंच की जुन्या वह्या मोडीत होत्या आणि मला मोडी वाचता येई. बँकेचे मॅनेजर तरुण होते. त्यांनी वारसाची सही पाहिली, आमचं पत्र पाहिलं, मग म्हणाले, "खातेदार वारले कधी?"

मापवाल्यांनी साल सांगितलं.

"पण व्यवहार तर त्यानंतर एकोणीस वर्षं झालेत. ते कोणी केले?"

"मी."

मॅनेजरांनी खुर्ची थोडी मागे घेतली आणि दारातल्या शिपायाकडे पाहिलं. त्यांना सगळं समजावून सांगायला मला पाऊण तास लागला. पाऊण तास हे मापवाल्यांचं माप. मला तो जास्त वाटला होता.

मागच्या खोलीत वह्या होत्या, लाल कापडात बांधलेल्या. मी मोडी वाचत होतो, बँकेचा कारकून बाळबोध लिपीत उतरवत होता, आणि मापवाले डोळे मिटून ऐकत होते. महिना, नाव, हस्ते. महिना, नाव, हस्ते. त्यांचं नाव एरवी कधी इतक्या वेळा एका बैठकीत मोठ्याने उच्चारलं गेल्याचं मला तरी आठवत नाही. आधी तर ते कोणीच उच्चारत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका मे महिन्याच्या नोंदीशी आलो आणि अडखळलो. वारलेल्या गृहस्थांच्या नावापुढे 'हस्ते' नव्हतं. 'खुद्द' होतं. म्हणजे खातेदार स्वतः येऊन रक्कम घेऊन गेला.

मापवाल्यांनी डोळे उघडले. "खुद्द कसे येतील? त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती."

"मुनीमजींची सवयीने चूक झाली असणार," कारकून म्हणाला. "बाकीच्या सगळ्या खात्यांना खुद्दच लिहायचं ना. मी हस्ते लिहितो."

"लिहू नका. वहीत आहे ते उतरवा."

मी त्यांना कोपराने ढोसलं. "अहो, उघड चूक आहे."

"माप खोटं निघालं तर त्याची नोंद करतात," मापवाले म्हणाले. "कानस मारून तिथल्या तिथे बरोबर करत नाहीत."

तो शब्द तसाच राहिला. दोनशेवर ओळींत एक.

उतारा वर गेला. त्यानंतर आठनऊ महिने काही झालं नाही, म्हणजे कचेरीच्या भाषेत प्रकरण विचाराधीन होतं. मग एक दिवस मंजुरीचा हुकूम आला. मी पाकीट फोडलं आणि आनंदाने अर्धं वाचून खाली बसलो. पेन्शन मंजूर झालं होतं. वारलेल्या गृहस्थांना. वरच्या कचेरीतल्या कोणी विद्वानाने उतारा बारकाईने वाचला होता. बाकी सर्व ओळी हस्ते असल्या तरी अमुक महिन्यात खातेदार खुद्द हजर होता असं दिसतं. सबब खातेदार हयात असून हस्तकाने त्याच्या वतीने अर्ज केला आहे, असा निष्कर्ष त्यात होता. हयातीचा दाखला दिल्यावर रक्कम मिळणार होती.

मी मापवाल्यांना बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं की एका अर्थी काम झालं आहे. दाखला मी लिहितो. साहेब वाचत नाहीत, सही करतात. तुम्ही एकोणीस वर्षं घेतलंत तसंच आताही हस्ते घ्या.

त्यांनी हुकूम तीनदा वाचला. "हयातीचा दाखला कोणाचा?"

"त्यांचा."

"ते हयात आहेत असा?"

"हो."

त्यांनी कागद घडीवर घडी बसवून परत दिला. "पगार हस्ते घेता येतो हो," ते म्हणाले. "जगता येत नाही."

मला त्या दिवशी त्यांचा राग आला, हे कबूल केलं पाहिजे. संध्याकाळी त्यांच्या बायकोने मला घरी बोलावलं. चहा दिला, पूर्ण कप. मापवाले बाहेर गेले होते. "नाव कुणाचं का असेना, महिन्याचे तांदूळ येतील ना त्यात?" त्यांनी विचारलं.

"येतील."

"बरं. मग त्यांना मी विचारलं हे सांगू नका. ते काही ऐकायचे नाहीत, आणि ऐकलं तर मलाच बरं वाटणार नाही. मी आपलं विचारून ठेवलं."

मापवाल्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. मी नोकरीत हजारो अर्ज पाहिले. इतका आखूड आणि इतका गैरसोयीचा दुसरा पाहिला नाही. 'हुकुमात नमूद गृहस्थ वारले आहेत. अर्जदार हयात आहे. दोन्ही गोष्टींची नोंद व्हावी.' मृत्यूच्या नोंदीचा दाखला जोडलेला होता. म्हणजे मंजूर झालेलं पेन्शन त्यांनी पुराव्यासकट नामंजूर करवून घेतलं.

आणि मग जे व्हायचं ते झालं. अर्जदाराने दुसऱ्याच्या नावावर एकोणीस वर्षं पगार कसा उचलला याचा खुलासा मागवला गेला. खुलाशावर खुलासा. या दीड वर्षात मापवाल्यांच्या घरातली मोठी तांब्याची घागर दिसेनाशी झाली आणि नंतर घंगाळंही. ते मात्र रोज बाजारात जात. अधिकार संपला होता, तरी दुकानापुढे उभे राहत. कोणी हटकलं नाही. माणूस निवृत्त झाला तरी त्याच्याकडे रूळ आहे, एवढं दुकानदारांना पुरे होतं. त्याच सुमारास किलो येणार म्हणून बोलवा उठली. सगळ्यांना वाटलं, पायली जाणार म्हणून मापवाले हळहळतील. त्यांनी मला विचारलं, "हे किलो तोलून द्यायचं असतं ना? भरून नाही?" मी हो म्हटल्यावर म्हणाले, "मग शीग लावता येणार नाही. उत्तम." आणि ग्रॅमांचं कोष्टक पाठ करायला घेऊन गेले.

शेवटी चौकशीला एक अधिकारी आले. साक्षीला साखरशेतहून बाई चालत आल्या. साहेबांनी विचारलं, "तुमचे पती संस्थानात नोकरीला होते?"

"होते. मरेपर्यंत थोडे, नंतर भरपूर," बाई म्हणाल्या, आणि मापवाल्यांकडे बोट दाखवून, "नंतरची यांनी केली."

साहेब हसले. मग बाईंनी कमरेचा कागद काढून दिला. साहेबांनी तो वाचला. "हा कोणी लिहायला लावला?"

"कोणी नाही. मी सही करायला घाबरत होते म्हणून यांनी दिला."

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. ज्याला पैसे लाटायचे आहेत तो असा कागद मागे ठेवत नाही, असं ते माझ्याकडे वळून म्हणाले. त्यांची खरंच तशी खात्री पटली होती, की त्यांना चारची एस.टी. गाठायची होती, हे मी आजही सांगू शकणार नाही. पण मी ज्या कागदाला भीत होतो तोच प्रकरणात सगळ्यात वर लागला, भोक पाडून.

पुढच्या पावसाळ्याआधी नवा हुकूम आला. त्यात मापवाल्यांचं नाव होतं. वडिलांच्या नावासकट, पूर्ण. एकोणीस आणि सहा, पंचवीस वर्षं धरली होती.

पहिल्या पेन्शनला ते काळा कोट घालून आले. खिडकीशी गर्दी नव्हती. मी पावती पुढे केली. 'रक्कम मिळाली' याच्या वर त्यांचं नाव मी आधीच लिहून ठेवलं होतं, जरा ठसठशीतच. त्यांनी ते वाचलं, टाक बुडवला आणि खाली सावकाश सही केली. पावती माझ्याकडे आली तेव्हा मी पाहिलं. सहीआधी त्यांनी लिहिलं होतं, 'हस्ते'. आणि पुढे तेच नाव.

"अहो," मी म्हणालो, "आता हस्ते नाही. आता खुद्द."

ते कागदाकडे पाहत राहिले. वरचं नाव, खालचं नाव. टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब जमला होता.

"सवय," ते म्हणाले. "खोडू?"

"पावतीवर खोडाखोड चालत नाही," मी म्हणालो, आणि शिक्का मारला.

पुढच्या वर्षी तपासणीवाल्यांच्या नजरेतून ती पावती सुटली नाही. त्यांनी लाल शाईत शेरा मारला, की रक्कम घेणारा आणि हस्तक एकच इसम कसा, याचा खुलासा व्हावा.

मी खुलासा पाठवला: 'चौकशी केली. एकच आहे.'